गफूरचाचाचे ठोकळे

मी फिजिक्सची पदवीधर आहे. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये – आई-बापानं ऊस तोडून शिकवलंय, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. कॉलेजात असताना भुताखेतांच्या विरोधात पथनाट्यं केली. तिठ्यावर उतारा ठेवलेला दिसला तर त्यातला नारळ उचलून फोडून खाणारी बाई आहे मी. त्यामुळं ह्या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव वाचून आजवर नुसती हसत आले. आज स्वतः लिहायला बसलेय ते घाबरून नाही... राग आलाय म्हणून.

बीडमध्ये एका मोटार क्लबच्या ऑफिसात मी काम करत होते. नाव लिहीत नाही, जिल्ह्यातल्या माणसांना कळेलच. जुन्या पुलांच्या कठड्यांवर, ढाब्यांच्या भिंतींवर अजूनही त्याचा फोन नंबर रंगवलेला दिसतो. जिल्ह्यात मोटारी मोजक्या होत्या तेव्हा एका डॉक्टरांची गाडी बाळंतपणाला जाताना माळावर बंद पडली. गफूर नावाच्या तरुण मेकॅनिकनं सायकलवर येऊन ती चालू करून दिली. त्या बाळंतिणीचा जीव वाचला, आणि डॉक्टरांनी चार गाडीवाले गोळा करून क्लब काढला. बंद पडलेल्या गाडीला मदत करायची, मग ती कुणाचीही असो – एवढाच त्याचा कायदा. पुढं ड्रायव्हिंगचे वर्ग आले, ड्रायव्हर लोकांची डोळे तपासणी आली, बायकांना स्कूटी शिकवणं आलं. पण क्लबचा जीव होता ती मदतीची जीप. आणि जीपवर शेवटपर्यंत गफूरचाचा.

आता ठोकळ्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच आहे.

आपल्याकडं गाडी बंद पडली की माणूस काय करतो? चाकाला दगड लावतो. मागच्यांना दिसावं म्हणून रस्त्यावर आणखी दगड मांडतो, वर बाभळीचा फांदा. गाडी दुरुस्त झाली की फांदा-दगड तिथंच टाकून निघून जातो. उसाच्या हंगामात तर विचारूच नका, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जागोजागी बसलेले आणि ते गेल्यावर डोक्याएवढे दगड मधोमध. गफूरचाचाला ह्याची लई चीड. ते जीपमध्ये बाभळीचे दोन ठोकळे ठेवायचे, चुन्यानं रंगवलेले, दोन्ही एका दोरात ओवलेले. ठोकळे चाकाला लावले की दोराचं टोक ड्रायव्हरच्या दाराच्या कडीला बांधायचं. म्हणजे दोर सोडल्याशिवाय दार उघडत नाही, आणि दोर सोडला की ठोकळ्यांची आठवण होतेच. गाठही त्यांची स्वतःची. एक टोक ओढलं तर सुटते, दुसरं ओढलं तर आणखी आवळते. ती मला त्यांनी शिकवली होती. क्लबमध्ये दुसऱ्या कुणाला शिकायची हौस नव्हती.

"बेटी, दगड ठेवणारा विसरतो," ते म्हणायचे. "मग तो दगड कुणाच्या तरी घरावर पडतो."

चाचा वारले. जीप शेडमध्ये उभी राहिली. नवीन अध्यक्ष आले – साहेबच म्हणते, तसंच म्हणावं लागायचं. साहेबांनी जीप भंगारात विकली, ठोकळ्यांसकट. म्हणाले, आता सगळ्यांकडं मोबाइल हायेत, कंपन्या आपल्या आपण गाड्या उचलतात, आपण कशापायी तेल जाळायचं? तेव्हापासून क्लब म्हणजे रॅली, सत्कार, फ्लेक्स. फ्लेक्सवर साहेब, हात जोडून.

फोन मात्र वाजायचाच. भिंतीवरचा नंबर कुणी पुसला नव्हता.

त्या हिवाळ्यात एका सकाळी एका दूधवाल्याचा फोन आला. युसूफ वडगावच्या रस्त्यावर, ओढ्याच्या वळणाला, उसाचा ट्रॅक्टर दगड टाकून गेलाय, कुणाला तरी पाठवा. युसूफ वडगाव माझं गाव. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, साहेब, तुमची गाडी केजकडंच चाललीय, ड्रायव्हरला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "दगड उचलायला क्लब काढलाय का आपण?"

गावातल्या दोघा-तिघांना मी फोन लावले. सगळे फडावर, नाहीतर शेतात. संतोषला, माझ्या धाकट्या भावाला, लावला तर त्याचा फोन बंद.

त्याच दिवशी दिवेलागणीला संतोष त्याच वळणावर त्याच दगडांवर मोटारसायकल आदळून गेला. केजहून घरी येत होता. आई-बाप तेव्हा ऊसतोडीला पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत. त्यांना आणायला गाडी गेली ती दुसऱ्या दिवशी पोहोचली.

ह्यावर आणखी लिहिणार नाही.

मी नोकरी सोडली नाही. लोक म्हणाले, कशी बसतेस गं तिथं? मी बसले कारण मला ती जीप परत रस्त्यावर आणायची होती. दुसरं काही नको होतं मला, ना माफी, ना मदतनिधी. वार्षिक सभेत ठराव मांडायचा ठरवला.

सभा बीडजवळच, पालीच्या बाजूला, धरणाकडच्या एका मंगल कार्यालयात होती. भर दुपारची वेळ, डोक्यावर ऊन. हे मुद्दाम सांगते, कारण अंधारात काहीतरी दिसलं असेल असं म्हणायला जागाच नाही. कार्यालय चढावर आहे. फाटकातून निघालं की सरळ उतार, आणि खाली हायवे, ट्रक सुसाट. साहेबांची नवीकोरी पांढरी गाडी फाटकाशीच उभी, तोंड उताराकडं. तिच्या शेजारी खुर्ची टाकून वॉचमन बसलेला, आणि साहेबांचा ड्रायव्हर त्याच्याशी गप्पा मारत चहा पीत होता.

मी माईक घेतला. दगडांचं बोलले, चाचांचं बोलले. संतोषचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलले. साहेब उठले, माझ्या हातातून माईक घेतला आणि गोड आवाजात म्हणाले की ताईंच्या दुःखात आपण सहभागी आहोत, परंतु संस्था भावनेवर चालत नसते. पुढचा विषय, वर्धापनदिनाची रॅली. टाळ्या पडल्या. जेवणं झाली. मठ्ठा आणखी वाढा म्हणणारे होते, जीपबद्दल विचारणारा एक नव्हता.

साहेब बायकोला घेऊन निघाले. मी मागं खुर्च्या गोळा करत होते, तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला.

गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावलेले. चुन्यानं रंगवलेले. दोरात ओवलेले. दोराचं टोक ड्रायव्हरच्या दाराच्या कडीला, आणि त्यावर ती गाठ.

एका ठोकळ्याचा कोपरा जळका होता. चाचांनी तो एकदा तापलेल्या सायलेन्सरजवळ ठेवला होता, तेव्हाचा. जुन्या मेंबरांनी लगेच ओळखला.

ड्रायव्हर दोर सोडायला गेला, तर गाठ आवळली. आणखी ओढली, आणखी आवळली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"हे तुझं काम हाय."

"साहेब, मी सकाळपासून तुमच्यासमोर आहे. आधी स्टेजवर, मग पंगतीत वाढायला."

"मग गाठ कोण सोडणार?"

"सोडते. पण बांधली मी नाही."

वॉचमन शपथेवर सांगत होता की तो खुर्चीतून उठलाच नाही, गाडीजवळ कुणी आलं नाही. ड्रायव्हरही तेच म्हणत होता. मी पुढं झाले, टोक ओढलं. गाठ सुटली, अगदी हलकी, आपण ओळखीच्या घराचं दार लोटतो तशी. खाली बसून ठोकळ्याला हात लावला तर तो ओला. पाण्यानं नव्हे. बोटं वासाला घेतली... ब्रेक ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब पडून ठोकळा प्यायला होता.

मी म्हटलं, गाडी चालू करू नका. साहेब म्हणाले, "आता मेकॅनिक बी झालीस का?" आणि ड्रायव्हरला बस म्हणाले. तो आत बसला, ब्रेकवर पाय दिला... आणि तसाच बाहेर आला. तोंडाला रंग नाही.

"साहेब, पेडल पार खाली जातंय. काहीच न्हाई लागत."

खाली हायवेवरून एक टँकर गेला. साहेबांच्या बायकोनं साहेबांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडं गेले. जीपबरोबर ठोकळे आले होते ना? ते कुणाला दिले? तो म्हणाला, "ताई, ते लाकूड जीप आली त्याच थंडीत पाणी तापवायला जाळलं. बाभूळ चांगली जळती." त्याची बायकोही तेच म्हणाली. खोटं बोलून त्यांना काय मिळणार होतं?

आता तुम्हाला वाटेल, साहेब सुधारले असतील. मलाही वाटलं होतं! साहेबांनी गफूरचाचाच्या कबरीवर चादर चढवली, फोटोग्राफर घेऊन. गाडीला लिंबू-मिरची बांधली. ऑफिसात चाचांचा फोटो लावला, त्याखाली काचेचं कपाट करून त्यात ते ठोकळे ठेवले. हार, उदबत्ती, कुलूप. जीपचं विचारलं तर म्हणाले, पाहू पुढच्या वर्षी.

मेलेल्या माणसाची भीती वाटते, जिवंतांसाठी चार दगड उचलवत नाहीत.

पण खरं सांगू, माझा सगळ्यात जास्त राग साहेबांवर नव्हता. मी एका दुपारी कबरस्तानाशी गेले. बायका आत जात नाहीत, म्हणून भिंतीबाहेर कडुलिंबाखाली उभी राहिले. साहेबांची चादर उन्हानं फिकी पडलेली दिसत होती. मी मोठ्यानं म्हणाले, रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते तरी म्हणाले –

"चाचा, ज्यानं तुमची जीप विकली त्याच्या चाकाला ठोकळे लावायला आलात. माझ्या संतोषच्या वेळी कुठं होतात?"

पान हललं नाही. कसलीही खूण मिळाली नाही. ज्यांना अशा गोष्टीत शेवटी वाऱ्याची झुळूक लागते त्यांनी माफ करावं.

परत आले तर ऑफिसचा फोन वाजत होता. पालीच्या पुढं, चढावर ट्रॅक्टर बसलाय, ड्रायव्हर चाकांना दगड शोधतोय, बाई तुमचा नंबर पुलावर दिसला म्हणून केला. मी कपाटाकडं पाहिलं. चावी साहेबांकडं. टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि काच फोडली.

ठोकळे स्कूटीवर पायापाशी ठेवून गेले. चाकाला लावले, दोर ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला बांधला. ड्रायव्हर हसला, म्हणाला, ताई, बैल हाय का काय हा, दावं बांधताय? मी म्हटलं, ट्रॅक्टर पळून जाईल म्हणून नाही बांधलं, तू पळून जाशील म्हणून. दुरुस्ती होईपर्यंत तिथंच बसले. निघताना त्यानं स्वतः ठोकळे उचलून माझ्या हातात दिले.

आता साहेबांची नोटीस आलीय. नोकरी गेली ते ठीक. वर, क्लबच्या मालमत्तेची चोरी. मी उत्तरात एवढंच लिहिलंय की सदर ठोकळे क्लबनं भंगारात विकले, भंगारवाल्यानं जाळले. जी वस्तू शिल्लकच नाही ती मी चोरली कशी, हे अध्यक्षांनी सिद्ध करावं.

जळालेले ठोकळे परत कसे आले, हे मलाही सिद्ध करता आलेलं नाही, आणि मी फिजिक्सची पदवीधर आहे. ठोकळे आत्ता माझ्या दाराशी आहेत. हात लावला की अजून तेलकट लागतात. कुणाला खुलासा सुचला तर जरूर सांगा... पण आधी सांगा, तुमच्या गावच्या वळणावरचे दगड कुणी उचलले का?