आईचा काटकोन

आईची शाळा सातवीनंतर सुटली, कारण तिच्या गावात पुढचे वर्गच नव्हते. पन्नाशीच्या आसपास तिनं दहावीला बसायचं ठरवलं तेव्हा मी बी.एड. संपवून राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर, घरीच होते. साहजिकच शिकवणं माझ्याकडं आलं. मराठी, इतिहास तिचं ती वाचायची. भूमितीत मात्र आम्ही पहिल्याच पायरीवर अडलो.

प्रश्न सोपा होता. दिलेल्या आकृत्यांपैकी कोणत्या आकृत्यांत काटकोन आहेत? आईनं आयत ओळखला, चौरस ओळखला, काटकोन त्रिकोणही ओळखला. एक चौरस मात्र टोकावर उभा काढलेला होता, तो तिनं सोडून दिला. का, म्हणून विचारलं.

"हा शंकरपाळा हाय," ती म्हणाली. "ह्यात कुठला काटकोन?"

मी समजावलं, तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चौरस सोडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिच्या मते काटकोन म्हणजे एक रेघ जमिनीसारखी आडवी आणि दुसरी खांबासारखी उभी. मग मी वर्तमानपत्राचा एक तुकडा घेतला. एक घडी घातली, घडीची कड घडीवरच येईल अशी दुसरी घातली आणि तयार झालेला कोपरा तिच्या हातात दिला. हा जिथं फट न राहता बसेल तिथं काटकोन, एवढंच सांगितलं.

तिनं तो टोकावरच्या चौरसात लावला. चारही कोपऱ्यांत बसला. तिनं पुस्तक थोडं फिरवलं, पाहिलं, परत सरळ केलं.

"पुस्तक फिरवलं तरी कोन तोच राहतोय की," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा असा उजळलेला मी फार क्वचित पाहिला होता.

मग ती कागद घेऊन घरभर फिरली. खिडकी, फरशी, देव्हारा, माझा मोबाईल. डब्यातले शंकरपाळेही तिनं तपासले. बहुतेकांची दोन टोकं निमुळती, दोन पसरट. एकात कागद अगदी बरोबर बसला, तो तिनं मला खायला दिला.

वडील पेरूच्या बागेतून आले तेव्हा ती पुढच्या खोलीत कपाटामागं वाकलेली होती. ते कपाट एका बाजूनं कधीच भिंतीला टेकायचं नाही आणि त्यासाठी वडील सुताराला नावं ठेवायचे.

"अहो, कपाट सरळ हाय," आई म्हणाली. "आपला कोपराच काटकोनात न्हाई."

वडिलांनी कागद घेतला, गुडघ्यावर बसून स्वतः लावून पाहिला. कागद आणि भिंतीत फट दिसत होती. घर बांधताना मिस्त्रीबरोबर दोरी धरायला तेच उभे होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कागद आईच्या हातात परत देऊन ते हसायला लागले. आईही पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवसापासून सुताराचा उद्धार थांबला आणि संध्याकाळी आई अभ्यासाला बसली की चहा वडील करू लागले.

आई गणितात काठावर, बाकी विषयांत चांगली पास झाली. निकाल कळला तेव्हा वडील पेरू घेऊन बाजाराच्या वाटेवर होते. तिनं स्पीकर लावून फोन केला. त्यांनी टेम्पो कडेला घेतला, तिच्याकडून एकेका विषयाचे गुण विचारून घेतले आणि शेवटी म्हणाले, "अकरावीची पुस्तकं येतानाच आणू का?"

आई फोन धरून नुसती हसत राहिली. "आणा," हे उत्तर मीच दिलं.