गायरानावरचा पंप

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावात पेट्रोलच्या रांगेत उभी होते. टँकरवाल्यांच्या संपाची अफवा उठली होती आणि अर्धा तालुका कॅन घेऊन पंपावर लोटला होता. "आत्या, अण्णा गेलं गं," अण्णाचा मुलगा संदीप म्हणाला. मी रांग सोडली नाही. स्कुटीची टाकी कोरडी होती, आणि भावाच्या दारात पोचायला पेट्रोलच लागणार होतं. पुढच्या गड्यानं दुसरा कॅन पुढे केला तेव्हा मी त्याच्यावर अशी खेकसले, की तो बिचारा बाजूला झाला. खरं तर मला अण्णावर ओरडायचं होतं... तो ऐकायला उरला नव्हता.

शोकसभेत त्याला एकानं 'बैलप्रेमी' म्हटलं, दुसऱ्यानं 'पर्यावरणाचा कैवारी'. हे दुसरे गृहस्थ डिझेलच्या मोठ्या गाडीतून आले होते आणि त्यांचं भाषण संपेपर्यंत ड्रायव्हरनं एसीसाठी इंजिन चालू ठेवलं होतं. मंडपामागे धूर येत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या बहिणीनं भावाबद्दल असं लिहू नये, असं वहिनींनाही वाटेल. पण ज्याच्याशी चाळीस वर्षं भांडले त्या माणसाला कुणी हार घालून दुसराच कुणी करून टाकावं, हे मला चालणार नाही.

अण्णाचं राजकारण डिझेलवर चाललं, अगदी शब्दशः. विरोधात असला की भाव वाढल्याबरोबर हायवेवर रास्ता रोको. त्याचीच माणसं सत्तेवर आली की भाव तिथंच, उलट चढलेलाच, पण अण्णा मला समजावायचा, "शाले, त्यो जागतिक बाजार असतो. तुला नाय कळायचं." पलीकडच्या पक्षाचे लोकही काही वेगळे नव्हते. खुर्च्या बदलायच्या आणि भाषणं तीच राहायची, फक्त माईक या हातातून त्या हातात जायचा. इतकं तेल आपण जाळतोच कशाला, हा प्रश्न दोघांपैकी कुणीही कधी विचारला नाही. मी विचारला की मी 'मास्तरीण'.

त्याच्या बैलगाडी मोर्च्याची गोष्ट अजून जुन्नरात सांगतात. दरवाढीच्या निषेधाला तहसील कचेरीवर बैलगाडीतून जायचं ठरलं. पण गावात गाडीला जुंपायचा बैल राहिला होताच कुठे? सगळी नांगरट ट्रॅक्टरची. राहिली होती ती अण्णाच्या दावणीची शर्यतीची जोडी, राजा आणि शंभू. शर्यतीच्या घाटात पळायचं आणि गुलाल घेऊन परत यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ती जोडी डिझेलच्या पिकअपमध्ये घालून जुन्नरला नेली, गाडी दुसऱ्या टेम्पोत. तिथं जुंपली, अण्णा गाडीत उभा राहिला, आणि कुणीतरी माईकवर घोषणा दिली. माणसांनी जोरात साथ दिली. झालं! माईक आणि गलका म्हणजे शर्यत, हे बैलांना लहानपणापासून शिकवलेलं. जोडी अशी सुटली की अण्णा, झेंडा आणि निवेदन तिघंही रस्त्यावर. बैल पार बाजारपेठेच्या टोकाला जाऊन थांबले. अण्णाचं मनगट मोडलं. दवाखान्यात मी हसू आवरू शकले नाही. तोही हसला, "बैलान्ला वाटलं आपण जितलो, राव." त्या दिवशी मला तो फार आवडला होता, हेही लिहून ठेवते.

मग गायरानाचा विषय निघाला. आमच्या गावाचं गायरान म्हणजे ओढ्यापासून टेकडीपर्यंतचा गवताळ पट्टा. सगळ्या गावाची जनावरं तिथं चरायची, राजा-शंभूही. अण्णाला तिथं पेट्रोलपंप आणायचा होता. कागद कसे फिरले ते तोच जाणे. ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "बैलाला देव म्हणता, मग देवाच्या तोंडचा घास का काढता?" अण्णा शांतपणे उठला. "शाले, तू नारायणगावास्नं कशावर आलीस? तुजी स्कुटी गवतावर पळती व्हय?" सभा खदखदून हसली. हात वर झाले. मी तिथंच सांगितलं, त्या पंपावर मी पाय ठेवणार नाही. तेव्हापासून गावात स्कुटी रिझर्व्हवर आली तरी मी नारायणगावापर्यंत तशीच रेटत नेली.

शेवटची भेट आजारपणातली. अंगात ताकद नव्हती, तरी तो गोठ्यात खाट टाकून पडला होता आणि राजाच्या गळ्याखालची पोळी खाजवत होता. लांबून टेम्पोनं आणलेला चारा एका कोपऱ्यात होता. "गवत लई महागलं गं," तो म्हणाला. मी म्हणाले, "गायरान होतं की." एक शब्द बोलला असता, 'चुकलं' एवढाच, तर मी त्याचे पाय धरले असते... त्यानं बैलाकडे तोंड फिरवलं. मी चहा न घेता निघाले. तो राग अजून गेलेला नाही. भाऊ गेला म्हणून राग जातो, असं ज्यांना वाटतं त्यांना भाऊ नसावेत.

परवा बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या दिवशी संदीपनं बैल विकायला काढायचं ठरवलं. "आत्या, चारा परवडत न्हाई आता." त्यांना निरोप द्यायला मी गेले. पिकअपच्या मागोमाग निघाले आणि फाट्यावर स्कुटी आचके देऊ लागली. पिकअप गायरानावरच्या पंपावर डिझेलला थांबली. तिच्या मागे मीही. ऑफिसच्या काचेआड अण्णाचा हार घातलेला फोटो, हात उंचावलेला, भाषणातला. राजानं फळीवरून मान लांबवली. पंपाच्या भिंतीपलीकडे जुन्या गवताची एक चिंचोळी पट्टी उरली आहे, तिकडे. मी उतरले, भिंतीला वळसा घातला, दोन्ही मुठी भरून गवत उपटलं आणि दोघांच्या तोंडात दिलं. तेवढं गवत त्यांनी केव्हाच संपवलं आणि माझे हात चाटत राहिले.

मागून हॉर्न वाजू लागले. "आत्या, बास आता, लाईन अडलीया," संदीप म्हणाला. कोण एवढी घाई करतंय म्हणून मी तावातावानं वळले. लाईन माझ्याच स्कुटीनं अडवली होती.