अकरा मिलिमीटर

हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे सातही मजल्यांवरचे मळके कपडे एका लोखंडी घसरगुंडीतून धपाधप येऊन पडतात, तिथे ती एकोणीस वर्षं मुकादम होती. तिचं खरं नाव पगारपत्रकात असेल. बाकी सगळे तिला फिनाईल म्हणत. तोंडावर 'ताई', पाठ वळली की फिनाईल. तिला ते माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. फिनाईलसारखी दुसरी चांगली वस्तू कोणती, ते तरी सांगा म्हणावं.

चादर उलगडली की तिला माणूस दिसे. कितव्या मजल्यावरचा, कसला आजार, सुधारतोय की खालावतोय. "हा पोटाचा," ती चिमट्याने टोक उचलून म्हणे, "आणि लपवतोय. डॉक्टरला खोटं सांगतोय." दोन दिवसांनी वरून तसंच ऐकू येई. वरच्या मजल्यांवरच्या नर्ससुद्धा कधीमधी खाली येऊन विचारत, "ताई, चौदा नंबरचं काय वाटतं?" सांगताना तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला मुरडे, नाकपुडी वर चढे आणि मान जराशी मागे जाई. तिच्या मते माणूस म्हणजे ठिकठिकाणी गळणारी पिशवी, आणि ती शिवणाऱ्याने टाके नीट घातलेले नव्हते. एवढी वर्षं काढली की माणसाला सवय होते म्हणतात. हिची किळस वर्षागणिक वाढत गेली होती. आधी एक हातमोजा घाली, आता एकावर एक दोन. बाहेर कुणाच्या घरी पाणी प्यायची नाही. लग्नकार्यात गेली तरी कोरड्या घशाने परत.

अशा या बाईकडे एक सायकल होती. डोंगरातली, फुल सस्पेन्शनची, क्रॉस-कंट्री. पुढच्या चाकाला दबणारा फोर्क, मागे सीटखाली हवेवर चालणारा शॉक. चढाला हलकी, उताराला मऊ, आणि दगडगोट्यांवरून दोन-तीन तास पळवली तरी कंबर शाबूत. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीमागे जायचं, धापा टाकत वर चढायचं आणि खडकात आपोआप पडलेल्या पायऱ्यांवरून धडधडत खाली यायचं. परत येईपर्यंत ती भुवयांपर्यंत चिखलाने माखलेली असे आणि तोंडभर हसत असे. चिखलाची तिला किळस नव्हती. चिखल कुणाच्या अंगातून निघालेला नसतो, असं तिचं म्हणणं.

पण सायकल अर्धीच तिची होती. अर्धी धाकट्या बहिणीची.

त्याचं असं झालं. असल्या सायकलच्या शॉकमध्ये हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनाच्या हिशेबाने. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडं असतं. ते वर सरकवून ठेवायचं, अलगद सीटवर बसायचं, अलगद उतरायचं. शॉक जेवढा दबला तेवढं कडं खाली गेलेलं दिसतं. दुकानातल्या मिस्त्रीने दोघी बहिणींना हेल्मेट-बुटांसकट एकीमागून एक बसवलं आणि पट्टी लावली. थोरली अकरा मिलिमीटर. धाकटी अकरा मिलिमीटर. त्याने परत बसवलं. परत तेच.

"जुळ्या आहात का?" त्याने विचारलं.

"छे हो, ही सात वर्षांनी मोठी," धाकटी म्हणाली. "पण जेवायला मी आधी बसते."

"नशीब काढलंत. दोघांत एक सायकल घेणारे दर वेळी हवा काढतात, भरतात आणि शेवटी भांडतात. तुम्हाला एकच हवा. एकशे चाळीस. आता हिला हात लावू नका."

तेव्हापासून एक रविवार हिचा, एक तिचा. धाकटीने तिच्या रविवारी सकाळी सायकल न्यायची आणि चारच्या ठोक्याला थोरलीच्या बिल्डिंगमध्ये, जिन्याखाली, पुसून परत करायची. सायकलचा मुक्काम थोरलीच्या बेडरूममध्ये, हॉस्पिटलातून बाद झालेल्या पण चार वेळा उकळून काढलेल्या चादरीवर. "मला एकदा त्या चादरीवर निजू दे," नवरा म्हणे. "बघू, माझ्याकडे पण अशी वाकून वाकून बघतेस का."

आई गेल्यापासून बहिणींमध्ये बोलण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. धाकटी गाडी शिकवायच्या शाळेत मास्तरीण. दिवसभर अनोळखी माणसांच्या घामेजल्या हातांशेजारी बसायचं, त्याच गाडीत डबा खायचा, सीटवर सांडलेले कण हाताने झटकून पुढच्या शिकाऊला बसवायचं. एकटीच राहायची. थोरली तिच्या घरी एकदाच गेली होती, बेसिनमधल्या भांड्यांकडे बघून उभ्याउभ्याच परत आली होती. धाकटीने पाण्याचा ग्लास पुढे केला होता. तिने तो घेतला नव्हता. त्यामुळे जे काही नातं होतं ते पंधरवड्यातून एकदा जिन्याखाली, दहा मिनिटं, सायकलच्या मध्यस्थीने.

आणि आता तेही थोरलीला नकोसं झालं होतं, कारण तीन-चार महिन्यांत धाकटीने सायकलचा उकिरडा केला होता. ग्रिपला काहीतरी चिकट. बाटलीच्या तोंडाला वास. सीटखालच्या पाकिटात टिश्यूत गुंडाळलेलं केळं, एकच घास घेतलेलं, बाकी काळंठिक्कर पडून त्याचा गर झिपमध्ये शिरलेला. पुढच्या खेपेला चावून परत ठेवलेला पाव. त्याच्या पुढच्या खेपेला भिजलेलं बिस्कीट आणि फ्रेमच्या खालच्या नळीवर वाळलेला एक आंबूस ओघळ. तो कसला हे फिनाईलने क्षणात ओळखलं. बाहेर कुठेतरी काहीबाही खाल्लं असणार, वाटेत ओकली असणार, आणि पुसायचीही अक्कल नाही! तिला शिसारी आली. तिने जुना टूथब्रश घेऊन ती नळी तासभर घासली आणि ब्रश फेकून दिला.

वर आणखी एक. पायऱ्या उतरताना शॉक पार दबतो आणि कडं दांड्याच्या शेवटाजवळ जाऊन थांबतं. धाकटीच्या रविवारनंतर ते नेहमी तिथेच असायचं. हल्ली मात्र ते बरंच अलीकडे अडकलेलं दिसायचं. म्हणजे शॉक कडक झालाय. म्हणजे हिने हवा भरली! मिस्त्रीने बजावून सांगितलेलं, तरी न विचारता! फिनाईलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवडाभर इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी उभी राहून ती एकच वाक्य घोटत होती. सायकल यापुढे माझी एकटीची, तू तुझी वेगळी बघ. वाक्य चांगलं बसलं होतं. ते बोलून टाकलं की जिन्याखालची दहा मिनिटंही संपणार आणि त्यानंतर धाकटीची गाठ कशाला पडेल, हे तिला कळत होतं. कळत होतं आणि तिला सुटल्यासारखं वाटत होतं.

रविवारी चार वाजून वीस मिनिटांनी धाकटी आली. हेल्मेट, गॉगल, ढगळ जॅकेट. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर मटकन बसली. थोरलीने तिच्याकडे बघितलं नाही. ती कधीच बघत नसे, आल्या आल्या सायकलपाशी वाकायची. कडं आजही अलीकडेच होतं. पाकिटात आजही टिश्यूची गुंडाळी होती. तिने दोन बोटांनी ती उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"हवा कुणी भरली?"

"कुठली हवा?"

"शॉकमध्ये. खोटं बोलू नकोस."

"अगं, माझ्याकडे तो पंपच नाही. तुझ्याकडेच तर असतो."

खरं होतं. तरी तिने वर जाऊन पंप आणला आणि लावला. पंप लावला की थोडी हवा त्याच्या नळीत जाते, काटा चार-पाचाने कमी दाखवतो. काटा एकशे पस्तीसवर होता, नेहमीसारखा. हवेला कोणी हात लावलेला नव्हता.

"मग तू पायऱ्यांवर गेलीच नाहीस. डांबरी रस्त्यावर चकरा मारून येतेस आणि मला सांगतेस खाणीमागे गेले होते म्हणून."

"गेले होते."

थोरलीने टायरच्या खाचेत नख घातलं. पिवळी, चिकणी माती निघाली. तशी माती साऱ्या परिसरात एकाच ठिकाणी होती, पायऱ्यांच्या पायथ्याशी. म्हणजे धाकटी त्याच पायऱ्या उतरली होती, त्याच सायकलवर, त्याच हवेवर, आणि शॉक दबला नव्हता. फिनाईल नखातल्या मातीकडे बघत राहिली. यंत्र बिघडलं असेल तर आपल्यालाही जाणवलं असतं. गेल्या रविवारी आपण उतरलो तेव्हा कडं बरोबर शेवटाला होतं.

"बस," ती म्हणाली.

"आता? दमलेय गं मी."

"बस म्हणते ना."

धाकटी भिंतीला धरून उठली. थोरलीने कडं वर सरकवलं, हँडल धरलं. धाकटी अलगद बसली, अलगद उतरली. सगळं मिस्त्रीच्या दुकानातल्यासारखं. थोरलीने पट्टी लावली.

आठ.

"नीट बस. सगळा भार टाक."

परत आठ.

पट्टी लबाड नव्हती. तिने पट्टी खाली ठेवली आणि खालून वर बघत गेली. बुटांची नाडी. घोट्यापाशी गोळा झालेली पँट. जॅकेटच्या बाहीत हरवलेलं मनगट. हेल्मेटचा पट्टा शेवटपर्यंत ओढलेला आणि त्याचं जास्तीचं टोक हनुवटीखाली लोंबणारं.

"गॉगल काढ."

धाकटीने गॉगल काढला. चार महिन्यांत थोरलीने हा चेहरा बघितलाच नव्हता. तिने केळं बघितलं होतं, पाव बघितला होता, ओघळ बघितला होता आणि घासून काढला होता. तळघरात कुणा परक्याच्या चादरीवर यातलं एक जरी दिसलं असतं तरी ती चिमटा आपटून ओरडली असती, अरे, या माणसाच्या पोटात अन्न ठरत नाहीये, वर कळवा कुणीतरी.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"झाले चार महिने. दोन घास खाल्ले की वर येतं."

"डॉक्टर?"

"दाखवलं. ॲडमिट व्हा म्हणाले. तपासण्या करायच्यात, मग बहुतेक ऑपरेशन. तुमच्याच हॉस्पिटलात."

"कधी म्हणाले?"

"दीड महिना झाला."

"दीड महिना!" थोरलीचा आवाज जिन्यात घुमला. "आणि तू सायकल हाकत फिरतेस? डोकं ठिकाणावर आहे का? का नाही झालीस ॲडमिट?"

धाकटी ग्रिपवरचा चिखल खरवडत राहिली. मग म्हणाली, "तिथल्या चादरी तुझ्याकडे येतात ना."

"मग?"

"मग काय. तू त्या उलगडून बघतेस. तोंड कसं करतेस ते मला ठाऊक आहे, ताई. माझ्या घरचं पाणी तू पीत नाहीस. माझी चादर बघितलीस तर सायकल तरी देशील का परत?"

आठवडाभर घोटलेलं वाक्य थोरलीच्या तोंडात तयार होतं. तिला ते आठवलं आणि किळस आली. आजवर कुठल्या चादरीची आली नव्हती एवढी. आपल्या त्या मुरडणाऱ्या ओठाची, दोन-दोन हातमोज्यांची, टूथब्रशने नळी घासत बसलेल्या त्या तासाची. सख्खी बहीण वाळत चालली होती आणि ही बाई झिपमधलं केळं काढत होती. थू. तिला खरोखरच थुंकावंसं वाटलं.

ती पंपापाशी खाली बसली. बटण दाबलं. फुस्स करून हवा गेली. एकशे तीस. परत दाबलं. एकशे वीस. "बस," ती म्हणाली. धाकटी बसली. नऊ. तिने आणखी हवा सोडली. दहा.

"अगं, मग तुला खाली आपटेल ना ते," धाकटी म्हणाली. "तुझ्या वजनाला नाही पुरायचं."

"आपटू दे."

आणखी एक फुस्स. अकरा.

थोरलीने पंप काढला, टोपण घट्ट लावलं, हात गुडघ्यांना पुसले. "उद्या सकाळी सात वाजता. मी तुझ्या घरी येते न्यायला. डबा-बिबा भरत बसू नकोस. आणि तुझी चादर दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ देणार नाही, समजलं? मीच उलगडणार. मला कळायला हवं कसं चाललंय ते."

धाकटी गॉगल हातातल्या हातात फिरवत होती.

सायकलच्या फ्रेमला बाटली होती. तोंडाला धूळ, कडेला सुकलेला पांढरा डाग, आणि तो वास.

"पाणी आहे का त्यात?" थोरलीने विचारलं.

"आहे. पण सकाळचं आहे. मी तोंड लावलंय त्याला."

थोरलीने बाटली काढली, बूच उघडलं आणि तोंडाला लावली. कोमट, आंबूस पाणी. डोळ्यांत पाणी आलं, ओठ व्हायचा तसाच वाकडा झाला. तिने घोट गिळला.

"ओठ बघ तुझा," धाकटी म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"बघतेस काय," फिनाईल म्हणाली आणि दुसरा घोट घेतला.