व्हायोलिनच्या खुंट्या

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात व्हायोलिन एक आणि वाजवणारी माणसं दोन, मी आणि माझी लेक. खरं तर बारावीनंतर तिनं वाजवणं सोडलंच होतं. दहा वर्षं मी शिकवलेलं सगळं व्हायोलिनच्या पेटीत बंद करून म्हणाली, "बाबा, कंटाळा येतो रे." मी वरवर हसलो, पण मनाला फार लागलं.

गेल्या वर्षी कॉलेजातल्या मैत्रिणीनं तिला अमेरिकेतलं ब्लूग्रास नावाचं गावरान संगीत ऐकवलं आणि पेटी पुन्हा उघडली. मी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवणारा. ही उभ्यानं, हनुवटीखाली धरून, गाडी चुकेल अशा घाईत. "ह्याला गाणं म्हणायचं की पळापळ?" असं मी विचारलंही. तरी ती वाजवतेय याचाच आनंद होता.

रोज सकाळी रियाजाला बसलो की तारा बिघडलेल्या असायच्या. हवेनं असेल, म्हणून मी खुंट्या पिळून त्या आपल्या हिंदुस्थानी रीतीनं, सा-प-सा-प लावायचो. संध्याकाळी ती पुन्हा तिच्या पाश्चात्त्य पद्धतीनं लावायची. बाबांना हल्ली नीट ऐकू येत नसावं, अशी तिची समजूत होती म्हणे. पंधरा दिवस कुणी कुणाला विचारलं नाही. शेवटी रोजच्या पिळापिळीनं बारीक तार तुटली, तीही तिच्या हातात.

"तुझ्या धांगडधिंग्यानं तुटली," मी खेकसलो.

"मग ठेव तुझं तुलाच," ती म्हणाली आणि पेटी बंद झाली. आता ती पुन्हा उघडणार नाही, या भीतीनं माझं जेवणावरचं मन उडालं.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेतून नवी तार आणली, तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "तुझं ते संगीत मला मुळापासून ऐकव."

तिनं जरा संशयानंच फोन काढला. ती काळात उलटी मागे जात गेली. आधी आजचं चकचकीत कंट्री, मग विजेच्या गिटारींचं, त्याआधी रेडिओच्या जमान्यातलं वेगवान ब्लूग्रास. सगळ्यात शेवटी तिकडच्या डोंगरातला कुणी म्हातारा, एकटाच व्हायोलिन वाजवणारा. त्याच्या सुरांखाली एक तार सतत घुमत होती.

"थांब! ह्यानं सा-प-सा-प लावलंय."

"शक्यच नाही."

मी नवी तार चढवली, चारही तारा आपल्या पद्धतीनं लावल्या. तिनं ती धून वाजवली. म्हातारा खोलीत आल्यासारखं वाटलं. जुन्या काही धुनांसाठी तिकडचे लोक असंच लावायचे, हे तिनं मग शोधून काढलं. पुढे आवडी बदलल्या, वेग वाढला, ती रीत मागे पडली. आपणही रात्रभराची मैफल तीन मिनिटांच्या तबकडीत कोंबलीच होती की! मी कुणाला नावं ठेवायची?

त्या अनोळखी म्हाताऱ्याचे उपकार मी कसे फेडणार?

काल सकाळी पेटी उघडली, तर तारा सा-प-सा-प लागलेल्याच होत्या. स्वतःचं वाजवून झाल्यावर तिनंच माझ्यासाठी लावून ठेवल्या होत्या. मी एकाही खुंटीला हात लावला नाही. सरळ गज उचलला.