मालक कोणासारखा बोलतो

जालन्यात स्टेशनापासून जवळच, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी राहतो आणि तिथे बसून शनीच्या चंद्रांवरच्या लढाया लिहितो. पुस्तकासाठी नाही. मोबाइलच्या एका अ‍ॅपवर ऐकायची विज्ञानकथांची मालिका आहे. आठवड्याला दोन भाग. ती लॉकडाऊनमध्ये सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, सहा महिने चालेल. आता चौथा सीझन संपत आला आहे आणि पहिल्या सीझनमध्ये काय घडलं ते मलाच पुन्हा ऐकून बघावं लागतं.

मालिकेत एक कप्तान आहे, तिचं जहाज आहे, आणि एक खलनायक आहे. तो शनीच्या कड्यांमधल्या खाणींचा धनी, म्हणून सगळे त्याला मालक म्हणतात. पहिल्या सीझनच्या शेवटी मी त्याला मारलं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून मला फोन आला की ऐकणाऱ्यांना मालक हवा आहे, त्याला परत आणा. मग मेला तो त्याचा जुळा भाऊ होता असं निघालं. दुसऱ्यांदा मारला, तर त्याची आठवण एका यंत्रात साठवलेली निघाली. तिसऱ्यांदा मात्र लोक कंटाळले. मालिकेचं काम बघणारी पुण्याची मुलगी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल, पण कामाला चोख. तिने मला दाखवलं की मालक बोलायला लागला की लोक ऐकणं बंद करून टाकतात. खाली कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलं होतं, 'आला का हा परत, आता हसणार.' आणि खरंच, पुढच्याच वाक्याला मी त्याला गडगडाटी हसवलं होतं.

मी बरेच उपाय केले. मोठं जहाज दिलं, त्याहून मोठं शस्त्र दिलं. दुःखी बालपण दिलं, ते कोणाला पटलं नाही. त्याला एक मुलगी दिली आणि तीन भागांत ती मला नकोशी झाली. हळूहळू लक्षात आलं की खलनायक परत आल्यामुळे शिळा होत नाही. तो काय बोलणार ते आधीच ठाऊक असलं की शिळा होतो. मालकाला नवं शस्त्र नको होतं, नवी जीभ हवी होती.

ती जीभ मला जाफराबादला सापडली.

माझी आक्का तिथे राहते. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो, त्यानंतर मला तिनेच वाढवलं. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मी सहज तिला भेटायला गेलो होतो आणि शाळेच्या ओट्यावर तिची वाट बघत बसलो होतो. चौथीतल्या एका पोरीने रागाच्या भरात ताटली उलटी केली. मला वाटलं आता आक्का ओरडेल. ती ओरडली नाही. तिने दुसरी ताटली वाढून आणली, पोरीसमोर ठेवली, शेजारी मांडी घालून बसली आणि अगदी हळू म्हणाली, "खा बरं. घाई न्हाई. मी हितंच हाये." बस, एवढंच. ती पोरगी खाता खाता रडायला लागली. आक्काने तिची पाठ चोळली.

परतीच्या एसटीत भोकरदन यायच्या आत माझ्या डोक्यात अख्खा प्रसंग तयार झाला होता. मालकाने कप्तानाला पकडलं आहे. तो तिला मारत नाही, धमकावत नाही. तिच्यासमोर गरम जेवण ठेवतो, शेजारी बसतो आणि म्हणतो, "खा बरं, कप्तान. घाई न्हाई. मी हितंच हाये."

पुण्याच्या मुलीने तो भाग वाचून लगेच फोन केला. तिच्या अंगावर काटा आला होता म्हणे. फक्त मालकाचा आवाज देणारा नट पुण्याचा, नाटकांत काम करणारा. त्याला ही बोली येईना. तो 'हितंच' म्हणायचा ते कोल्हापूरकडचं वाटायचं. तिने मला विचारलं, तुमच्याकडच्या कोणाचं खरं बोलणं ऐकायला मिळेल का.

माझ्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. त्यात आक्काचे किती तरी कॉल होते. मी एक दुपार त्यातलं बोलणं कापत बसलो. 'काय करून राह्यला', 'कव्हा येतो', 'मंग तसंच बराबर हाये'. तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे तेव्हाही कळत होतं, पण विचारलं असतं तर का पाहिजे ते सांगावं लागलं असतं. एक तुकडा दोन वर्षांपूर्वीचा होता. दाजी दवाखान्यात होते आणि आता काही उपाय नाही म्हणून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी फोनवर म्हटलं होतं, आक्का, घरी घेऊन जाऊ. ती खूप वेळ काही बोलली नाही, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "हां. बराबर हाये." तो तुकडा मी बाजूला काढून ठेवला, पुन्हा ऐकला आणि बाकीच्यांबरोबर पाठवून दिला. कारण तो चांगला होता.

नटाने तो थांबा हुबेहूब उचलला. चौथ्या सीझनमध्ये मालक कोणालाही संपवण्याआधी थांबतो, श्वास घेतो आणि म्हणतो, "हां. बराबर हाये." त्या थांब्यावर लोक वेडे झाले. कॉलेजची पोरं त्याचे व्हिडिओ करू लागली. जालन्यात चहाच्या टपरीवर, एमआयडीसीतून सुटलेल्या पोरांच्या तोंडून मी तो थांबा ऐकला आणि मला अभिमान वाटला. हे लिहायला जड जातं, पण अभिमानच वाटला.

आक्काने मालिका कधीच ऐकली नव्हती. कानात काही घातलं की तिचं डोकं दुखतं. भाऊ मोबाइलसाठी गोष्टी लिहितो एवढं तिला माहीत होतं आणि ते ती शाळेत सगळ्यांना सांगायची.

यंदा तिच्या मुलीचा, माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला. मुलाकडचे संभाजीनगरचे. वडील बँकेतून निवृत्त झालेले, घरात सगळे शिकलेले. माणसं चांगली होती, आजही मी असंच म्हणेन. जाफराबादलाच हॉल घेतला होता. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, जयभीम करत सगळे एकमेकांना भेटले. मी मालिकेचा लेखक आहे हे मुलाच्या चुलतभावंडांना कळलं आणि सगळी माझ्याभोवती जमा झाली. विशीतली मुलंमुली. पाचव्या सीझनमध्ये काय होणार ते विचारू लागली. मी जरा ताठ बसून उत्तरं देत होतो.

जेवायला आम्ही एकाच रांगेत बसलो. आक्का भाजीची बादली घेऊन वाढत आली. नवी साडी, घामेजलेला चेहरा, मुलीच्या सासरची माणसं म्हणून जास्तच अदबीने वाकलेली. तिने त्या मुलांना आग्रह केला आणि तिच्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "पोटभर खा बरं. घाई न्हाई."

एक मुलगा घास हातात धरून थांबला. मग त्याने आवाज खोल केला, श्वास घेतला आणि म्हणाला, "मी हितंच हाये, कप्तान."

सगळी रांग हसली. त्यांनी हसत हसत माझ्याकडे बघितलं, लेखक म्हणून मला ते आवडलं का ते बघायला. आणि मी हसलो. मोठ्याने हसलो.

आक्काही हसत होती, काहीतरी गंमत झाली असेल म्हणून. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिचं हसू गेलं नाही, फक्त तसंच राहून गेलं. तिने माझ्या पानात भाजी वाढली आणि पुढे गेली. त्यानंतर त्या रांगेत ती वाढायला आली नाही, तिची जाऊ आली.

दुसऱ्या दिवशी तिने भाचीला सांगून मालिकेचे भाग लावून घेतले. हे मला भाचीने नंतर सांगितलं. आईने चार भाग ऐकले आणि मग उठून पीठ मळायला लागली.

तीन-चार दिवसांनी तिचा फोन आला. मी "काय करून राह्यली, आक्का" म्हटलं. ती म्हणाली, "मी बरी आहे. तू कसा आहेस?"

मला वाटलं तिच्याजवळ कोणी बसलं असेल. पण कोणी नव्हतं. ती पुस्तकातलं बोलत होती. शाळेच्या मोठ्या बाई बोलतात तसं, शब्द जपून ठेवत. 'नाही' म्हणताना तिला जरा जोर लावावा लागत होता. पुढच्या फोनलाही तेच. मी मुद्दाम आपलं बोलायचो, ती तसूभर हलायची नाही.

तेव्हा मी जाफराबादला गेलो. दुपारची खिचडी वाटून झाली होती आणि ती शाळेच्या मागे नळावर पातेलं घासत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. की मालकाचं बोलणं तिचं आहे, की मी तिचे फोन कापून पुण्याला पाठवले, की विचारलं नाही. ती ऐकत घासत राहिली.

"तुमचं काम आहे ते," ती म्हणाली. तुमचं. मला ती आयुष्यात कधी तुम्ही म्हणाली नव्हती.

मी म्हटलं, आक्का, असं नको बोलू.

तिने पातेलं पालथं घातलं आणि पदराला हात पुसले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या बोलीत बोलली. "ऐकलं मी तुझ्या मालकाला. आवाज गड्याचा, पण बोलून मीच राह्यले. त्याचं काही न्हाई. ते पोरं हसले, त्याचंबी काही न्हाई, त्यांला काय माहीत. तू कामून हसला?"

उत्तर मला ठाऊक होतं. त्या रांगेत मला त्यांच्यातला व्हायचं होतं, तिच्यातला नाही. ते मी तिला सांगितलं नाही. दवाखान्यातल्या फोनचंही सांगितलं नाही. तिने मालकाचा तो थांबा ऐकला होता, पण तो कुठून आला हे तिने ओळखलं की नाही ते मला आजही माहीत नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही. तिने चहा केला, आम्ही प्यायलो, आणि निघताना ती म्हणाली, "सांभाळून जा. पोहोचल्यावर फोन करा."

जालन्याला आल्यावर मी पुण्याच्या मुलीला सांगितलं की मालकाची बोली बदलायची आहे. तिने कारण विचारलं, मी घरगुती म्हणालो. ती सभ्यपणे बोलली, पण तिचं म्हणणं सरळ होतं. इतक्या दिवसांनी मालक ताजा झालाय तो या बोलण्यानेच, ते काढलं तर त्याच्यात उरतं काय. त्याला मारून टाकू म्हटलं, तर ती म्हणाली मारा, पण परत येईल तेव्हा असाच बोलत येऊ दे.

मग मी दुसरी वाट काढली. जहाजावर एक नवीन डॉक्टर आणली. मायाळू, हुशार, स्वतःचा जीव धोक्यात घालून लोकांना वाचवणारी. आणि ती बोलते आमच्यासारखं, 'करून राह्यले', 'मंग', 'बराबर'. मी तिच्यावर मन लावून मेहनत केली. ही बोली चांगल्या माणसाच्या तोंडीही लोकांना ऐकू यावी, आणि भाचीने तो भाग आक्काला ऐकवावा, एवढंच मनात होतं.

भाग आला आणि तासाभरात कमेंट सुरू झाल्या. 'ही मालकाची माणूस आहे, बोलण्यावरून ओळखलं.' 'मालकच वेष बदलून आलाय.' 'डॉक्टरच्या हातचं काही खाऊ नका रे.' शेकडो जणांना तेच वाटलं. ती जखमी मुलाला हळू आवाजात धीर देत होती, आणि लोक तो मुलगा कधी मरतो याची वाट बघत होते. पुण्याच्या मुलीने मला शाबासकी दिली. इतका चांगला संशय मी आजवर कधी पेरला नव्हता म्हणे. पाचव्या सीझनमध्ये डॉक्टर फितूर निघावी असा तिचा आग्रह आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही, आणि तो भाग लिहायची वेळ जवळ आली आहे.

भाचीला मी विचारलं, डॉक्टरचा भाग आईला ऐकवलास का. ती म्हणाली, ऐकवला होता. आई काय म्हणाली? ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "आई म्हणाली, ही पण वाईट निघेल."

लग्न मागच्या महिन्यात झालं, छान झालं. आक्का विहीणबाईंशी शुद्ध बोलत होती, मधेच शब्द अडला की हसून मान हलवत होती. विहीणबाईंनी तिचं कौतुक केलं, तुमच्या आक्का किती व्यवस्थित बोलतात. मी हो म्हणालो.

परवा तिचा फोन आला. लेक गेल्यावर घर सुनं झालंय, करमत नाही म्हणाली. हळूहळू तिची जीभ सैल झाली आणि ती शाळेतली एक गोष्ट सांगायला लागली. नवीन गुरुजी आल्ते, त्यांनी खिचडीत मीठ जास्ती झालं म्हणून काय केलं, ते. ती मस्त रंगवून सांगते, लहानपणापासून मला तिचं ऐकायला आवडतं. मी खुर्चीत मागे रेललो. आणि ती मध्येच थांबली. मला तिचा श्वास ऐकू आला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "विशेष काही नाही. तिकडे पाऊस आहे का?"