जहाजाची वाटी

अगोदरच हसू नका. अजून मी काही सांगितलेलंच न्हाई. पण जहाजाचं नाव निघालं की आमच्या घरात सगळे माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसतात. म्हणलं, बाहेरून उलटंसुलटं कानावर यायच्या आत माझी फजिती मीच सांगून टाकावी. चहा येऊ द्या, तोवर सुरू करतो.

आमची लेक रेणू कोचीला असते. जावई तिथं नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आपला रिवाज. पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका म्हणून बजावलं. मग आमच्या मंडळींनी, म्हणजे रेणूच्या आईनं, ठरवलं, लेकीला माहेरी येता येत न्हाई तर माहेरच उचलून तिकडं न्यायचं. पुण्याच्या पोराला काय सुचलं देव जाणे, त्यानं आमची मुंबई ते कोची जहाजाची तिकिटं काढली. म्हणला, रिटायर झाल्यापासून कुठं गेला न्हाईत, मोठं जहाज आहे, खा, प्या, मजा करा.

मजा! मी एसटीतला माणूस. अगोदर कंडक्टर, मग लातूरच्या स्टँडावर कंट्रोलर. "हे पोतं कुणाचं? ह्याचं लगेज लागतंय," असं सीटखाली वाकून वाकून म्हणण्यात माझी सगळी हयात गेली. समुद्र बघितला तो कॅलेंडरावर.

पोरानं बजावलं होतं, जहाजावर घरचं खायचं नेऊ देत न्हाईत. मंडळींनी ऐकून घेतलं, हाव म्हणल्या, आणि स्टीलचा डबा भरून डिंकाचे लाडू साड्यांच्या मधोमध दाबून ठेवले. डिंक, खारीक, मेथी, गूळ, घरचं तूप. बाळंतिणीला लाडू न नेता कोणत्या तोंडानं जायचं, हे त्यांचं म्हणणं. ती बॅग मशिनीतून जाताना माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. जन्मभर दुसऱ्याचं लगेज पकडलं आणि आता माझ्याच बॅगेत बिनपावतीचा माल! पण मशीन काही बोलली न्हाई, आणि आम्ही वर चढलो.

जहाज सुटलं आणि मंडळींना जहाज लागलं. एसटी लागते ना, तसंच. फरक एवढाच की इथं खिडकीतून डोकं बाहेर काढायची सोय न्हाई. त्या बिचाऱ्या लिंबू हुंगत केबिनमध्ये पडून राहिल्या आणि मी एकटाच जेवायला गेलो.

काय तो हॉल सांगू! झुंबरं, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, कोट घातलेले वाढपी. माझ्या टेबलावर मुदखेडचे एक गृहस्थ निघाले, रेल्वेत गार्ड होते. आपल्याकडचं माणूस भेटल्यावर जीवात जीव आला. जेवण झालं आणि शेवटी गोड आलं. काचेच्या वाटीत कॅरॅमलचं पुडिंग, नुसतं थलथल हलणारं. मी चमचा उचलला आणि तिथंच थांबलो.

मला आमचे वडील आठवले. आमचं गाव देवणीच्या बाजूला. गावात पंगत असली की वडील जायचे, आणि आई जनावरांपाशी घरी राहायची. वडील पानातला बुंदीचा लाडू न उष्टावता बाजूला काढायचे आणि रुमालात गाठ मारून घरी आणायचे. बोलायचे काहीच न्हाईत. गाठ सोडून रुमाल चुलीजवळ ठेवायचे आणि हातपाय धुवायला जायचे. त्यातला अर्ध्याहून जास्त लाडू आम्हा पोरांच्याच पोटात जायचा, पण रुमाल बघून आईच्या तोंडावर जे सुख यायचं ते मला आजही दिसतं. आणि मी? लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोसाठी कधी रुमालाला गाठ मारली न्हाई. त्या झुंबराखाली बसून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

ठरवलं, न्यायचंच. पण पुडिंग रुमालात बांधता येतं व्हय? मग वाटीच उचलली, निवृत्तीच्या सत्काराची शाल अंगावर होती तिच्या आत धरली, आणि निघालो. गार्डसाहेब बघत होते. मी त्यांना हवा थंड आहे म्हणलं.

मंडळी उठून बसल्या. वाटी बघितली, माझ्याकडं बघितलं.

"अव, माझ्यासाठी आणलं?"

बस्स. एवढंच म्हणल्या, पण मला लई बरं वाटलं. चार चमचे कसेबसे खाल्ले त्यांनी. उरलेलं मी संपवलं, अन्न टाकायचं न्हाई म्हणून.

गोष्ट इथंच संपायला पाहिजे होती. पण सकाळी मी वर डेकवर चहा पिऊन परत येतो तर काय, धुतलेली वाटी टेबलावर न्हाई. कुठं गेली विचारलं, तर मंडळी म्हणल्या, केबिन झाडायला येतो तो माणूस घेऊन गेला. लाडू घालून दिली.

"लाडू घालून?"

"मग काय रिकामी देऊ? लोकाची वाटी हाय ती."

तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडची रीत. आमची लातूरची कॉलनी नवी होती तवा सगळ्या गल्लीत मिळून वाट्यांचा एकच संसार होता. येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येची, भज्जी शेजारी गेली की वाटी शेंगदाण्याच्या पोळीचा तुकडा घेऊन परत यायची. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामं भांडं परत जायचं न्हाई. कुणाची वाटी कुणाच्या घरात हे बायकांना तोंडपाठ असायचं. आता सगळे प्लास्टिकचे डबे आले. "राहू द्या, परत करू नका," म्हणतात. परत करायचं न्हाई म्हणजे पुन्हा दारात यायचं न्हाई. त्या वाट्यांची मला लई आठवण येते.

पण तवा मला रीत सुचत नव्हती. बंदी असलेला माल आपण होऊन जहाजाच्या माणसाच्या हातात दिला होता! तो माणूस म्हणजे बेहेरा. ओडिशाचा, पन्नाशीला आलेला, अबोल. संध्याकाळी बघतो तर तीच वाटी टेबलावर परत, आणि तिच्यात चॉकलेटचं काहीतरी, वर चेरी. बेहेरा दारात उभा. हात जोडले, हसला आणि गेला.

मंडळी खूश. माणुसकी हाय हो, म्हणल्या. पण मी कंट्रोलर. मला ते हसू वेगळंच दिसलं. म्हणलं, ह्याला कळलं की आपल्याकडं लाडू हाईत. आता हा गोडाची वाटी ठेवणार आणि आपण लाडू देत राहायचे, न्हाईतर वर सांगणार. सीटखालचं पोतं बघूनही न बघितल्यासारखं करणारे कंडक्टर मला काय ठाऊक न्हाईत?

सकाळी वाटी गेली, लाडू घेऊन. दुपारी आली, केक घेऊन. पुन्हा गेली, पुन्हा आली. मंडळींच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, म्हणून केक मी खायचा. आणि डबा उघडला की मी उरलेले लाडू मोजायचो. रेणूचे लाडू निम्म्यावर आले होते. ती फोनवर रोज एकच विचारायची, आई, लाडू आणून राहिलीस ना? मी मंडळींना म्हणलं, पुरे करा ही रीत. त्या म्हणल्या, त्यानं थांबवलं की मी थांबवते.

मग मी डोकं चालवलं. वाटीच परत गेली न्हाई तर लाडू कसा जाईल? मंडळींचा डोळा लागला की मी गोड संपवायचं, वाटी धुवायची आणि कपाटात माझ्या स्वेटरखाली लपवायची. मंडळींनी विचारलं तर सांगायचं, मीच लाडू घालून दिली. पण झालं उलटंच. वाटी दिसेना म्हणल्यावर बेहेरा दोन वाट्या आणायला लागला. मग तीन. एकीत खीर, एकीत पेस्ट्री, एकीत आइस्क्रीम. तोंड उतरलेलं, ठेवायचा आणि घाबऱ्या घाबऱ्या जायचा. मी मनात म्हणलं, बघा, आता दम देऊन राहिला. आणि खात राहिलो. पँटचं वरचं बटण सोडून खात राहिलो.

शेवटच्या दिवशी दुपारी कपाट उघडेना. वाट्याच तेवढ्या झाल्या होत्या. ह्या घेऊन उतरलो तर जहाजाची भांडी चोरली म्हणून धरतील. म्हणलं, जिथल्या तिथं ठेवून येऊ. वाट्यांची चवड पोटाशी धरली, वरून शाल पांघरली आणि हॉलकडं निघालो. नेमकं दारात जहाजानं एक हेलकावा दिला. मी भिंत धरली. भिंत धरली म्हणजे शाल सोडली. शाल सोडली म्हणजे... एकेक वाटी गालिच्यावरून लोळत पार टेबलांपर्यंत गेली. सगळा हॉल उठून बघायला लागला.

मुदखेडचे गार्ड शांतपणे म्हणाले, "रेल्वेच्या चादरी नेणारे लई पाहिले. पण परत आणून देणारा माणूस आज बघून राहिलो."

हॉलचा मुख्य धावत आला. चांगला माणूस, आवाज चढवला न्हाई. मी आमच्या लातुरी हिंदीत सगळं कबूल केलं, पहिल्या पुडिंगपासून. तो म्हणला, साहेब, गोड केबिनमध्ये न्यायला कुणाचीच मनाई न्हाई. फोन केला असता तर आम्हीच आणून दिलं असतं. झालं! जी चोरी मी इतक्या शिताफीनं केली ती चोरी नव्हतीच.

बेहेराला बोलावलं. तो बिचारा हात जोडूनच आला. म्हणला, ह्यांनी वाटीत लाडू घालून दिला. आमच्या गावात भरलेलं भांडं आलं तर रिकामं परत करत न्हाईत, माझ्या आईनं तसं शिकवलंय. म्हणून मी गोड घालून दिलं. पुन्हा लाडू आला. पुन्हा गोड दिलं. मग लाडू बंद झाले, वाट्याही दिसेनात. मला वाटलं, गोड आवडलं न्हाई, पाहुणे रुसले. म्हणून जास्त आणत गेलो.

ऐकलंत? वाटी ना आमची, ना त्याची. वाटी जहाजाची. आणि तिच्यापायी दोन शहाणी घरं एकमेकांना वाढून वाढून बेजार झाली होती. मी मात्र त्या देवमाणसाला चोर समजत होतो. मान वर करायची हिंमत झाली न्हाई.

तेवढ्यात भिंतीला धरत धरत मंडळी तिथं आल्या. त्यांनी बेहेराला एकच विचारलं, लाडू गोड लागले का?

तो खाली बघत म्हणला, "खाल्ले न्हाईत, माँजी. ठेवलेत. माझी मुलगी बाळंत झाली. तिला आई न्हाई. असे लाडू तिला कोण करून देणार?"

मंडळी तशाच केबिनकडं वळल्या. त्या काय करणार हे मला कळलं. आमची रेणू डोळ्यांसमोर आली. पण अडवलं न्हाई. डबा त्यांनी सगळाच्या सगळा त्याच्या हातात दिला आणि कसा खायचा ते सांगितलं, सकाळी एक, वरून गरम दूध. हिंदी येत न्हाई त्यांना, पण बेहेराला शब्दन् शब्द कळला.

कोचीला उतरताना त्यानं डबा परत आणून दिला. अर्थात भरून. रिकामा देईल कसा?

रेणू दारातच उभी होती, दिवस भरलेले. पाया पडायला वाकता येईना. आत गेल्या गेल्या तिनं डबा ओढला, झाकण काढलं, तर आत चेपलेल्या पेस्ट्र्या.

"आई, माझे लाडू?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मंडळी म्हणल्या, "तुझ्या बाबांनी खाल्ले."

रेणूनं माझ्या पोटाकडं बघितलं. जावयांनीही बघितलं. शर्टाचं एक बटण मुंबईपासूनच बेपत्ता होतं. असं पोट घेऊन मी कुणाला काय पटवणार?

आत गेल्यावर मी मंडळींना धरलं. त्या हळूच म्हणल्या, "पोटुशी लेकीला कसं सांगू, तुझ्या वाटणीचे दुसरीला दिले म्हणून? मनाला लावून घेईल. तुमच्यावर रागावंल आणि विसरून जाईल." मी आळ अंगावर घेतला. बापानं एवढं तर करावं.

मग सगळी कोची पालथी घालून डिंक मिळवला, मंडळींनी नवे लाडू वळले, आणि रेणूला सुखरूप मुलगी झाली. लाडवांचा डबा जावयांनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. मला अदबीनं विचारलं, "बाबा, तुमच्यासाठी बाजारातून दुसरं काही गोड आणू का?"

एका दुपारी सगळे झोपले होते. मी एकटाच जागा. मनात आलं, ज्या लाडवांपायी एवढं रामायण झालं, त्यातला एकही आपण चाखलेला न्हाई! आळ तर आलाच आहे, मग लाडू तरी का सोडायचा? स्टुलावर चढलो, एक काढला, अख्खा तोंडात घातला. मागं बघतो तर रेणू, बाळाला घेऊन दारात.

तिनं बाळाला माझ्याकडं वळवलं आणि म्हणली, "बघ गं, हेच तुझे आजोबा. मी सांगत नव्हते?"

आणि तोंड भरलेलं असल्यामुळं मला न्हाईसुद्धा म्हणता आलं न्हाई.