मिस्टरांची बाकी

शेजारच्या सुलभामावशी ब्लाउज शिवतात. पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर चिघळत होती, तरी त्या दवाखान्याचं नाव काढत नव्हत्या. शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून नाक्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. काचेच्या दाराशी त्यांनी देवळाबाहेर काढावी तशी चप्पल काढली आणि लंगडत आत शिरल्या.

काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारून संगणकात पाहिलं. "तुमच्या मिस्टरांच्या ऑपरेशनचे हप्ते राहिलेत. ते भरल्याशिवाय नवा केसपेपर निघणार नाही."

"अहो, ते तर गेले," मावशी म्हणाल्या.

"हो, पण बाकी आहे ना," मुलगी गोड हसली.

त्या गोडव्याची मला किळस आली. भिंतीवर मालक डॉक्टरांचा हात जोडलेला भलाथोरला फोटो होता. हे लोक नमस्कार तरी नेमका कुणाला करतात? इथे माणूस मरतो आणि त्याची बाकी ठणठणीत राहते. तिची निगा राखायला केवढी माणसं, केवढी यंत्रं! जिवंत बाईच्या अंगठ्याकडे मात्र कुणी वाकूनही पाहिलं नाही. वर लाज वाटली ती मावशींनाच. "चुकलंच माझं," असं त्या मुलीला म्हणून त्या मागे फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, आधी का नाही आलात?"

अंगठा काढावा लागला.

हल्ली त्या बाजाराला लांबच्या रस्त्यानं जातात. जवळच्या रस्त्यावर ते हॉस्पिटल लागतं, आणि तिथल्या कुणी ओळखलं तर काय, याची त्यांना भीती वाटते.